तीन डिस्क गोल्फ कोर्स आणि घरी ठेवलेले पासपोर्ट

चूक माझी होती. प्रवासाची हकिगत सांगण्याआधी हे लिहून टाकतो, कारण पुढे टिपरेरीची झाडं आणि स्लायगोचा समुद्र आला की मी त्यांच्या आड लपेन, एवढं मी स्वतःला ओळखतो. माझे सासरे अण्णा कऱ्हाडला आयसीयूत आहेत, हे मला गुरुवारी संध्याकाळी कळलं होतं. माझ्या बायकोला, नंदाला, मी ते रविवारी दुपारी सांगितलं. मधल्या काळात आम्ही आयर्लंडभर डिस्क फेकत हिंडत होतो. आणि सांगितलं तेव्हाही खरं सांगितलं नाही.

कॅरिगलाइन

कॉर्कजवळ रिंगास्किडीला, कॅरिगलाइनच्या आमच्या घरापासून जवळच, औषधांचे मोठे कारखाने आहेत. त्यांतल्या एकात मी व्हॅलिडेशनचं काम करतो. यंत्र जसं चालायला हवं तसंच चालतंय, हे कागदावर सिद्ध करत बसायचं. अशा माणसाने सहल आखली तर ती कशी आखेल याची कल्पना करा. २०११ सालच्या ऑगस्टमधल्या बँक हॉलिडेची, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीची, ही सहल मी फेब्रुवारीपासून आखत होतो. शनिवार, रविवार, सोमवार, आणि तीन डिस्क गोल्फ कोर्स. प्रत्येक कोर्सचा नकाशा, पावसाची पर्यायी वेळ, पेट्रोल कुठे, जेवण कुठे. सामानाची यादीच एक्केचाळीस ओळींची होती.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. गोल्फसारखाच, पण काठी आणि चेंडूऐवजी ताटलीएवढी प्लास्टिकची डिस्क. ती झाडाझुडपांतून फेकत न्यायची आणि खांबाला साखळ्या लटकवलेल्या एका लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. कमीत कमी फेकींत टाकेल तो जिंकला. त्या काळी आयर्लंडमध्ये असे कोर्स बोटांवर मोजण्याइतकेच होते आणि एकमेकांपासून लांब होते. म्हणूनच आखायला मजा येत होती.

मला हा खेळ कामावरच्या एकाने शिकवला. नंदा पहिल्या दिवशी नुसती चहाचा थर्मास घेऊन आली होती. माझी तिसरी डिस्क झाडात अडकल्यावर म्हणाली, "द्या बघू इकडे." तिने फेकलेली डिस्क माझ्या डिस्कच्या दुप्पट लांब गेली. मी विसरलो होतो, की अण्णा शाळेत व्यायामाचे शिक्षक होते आणि त्यांनी लेकीला थाळीफेकीत राज्य पातळीपर्यंत नेलं होतं. आयर्लंडला ती माझ्यामागे आली, इथे घरी डबे करून देऊ लागली, आणि थाळीफेक हा शब्दही आमच्या घरात उरला नव्हता. आता दर रविवारी ती अण्णांना फोन करून फेकींचा हिशेब द्यायची. अण्णा तिकडून ओरडायचे, "पाय वळतोय का नंदे? आधी पाय वळू दे!" म्हातारा माणूस, फोनवर ओरडल्याशिवाय साता समुद्रापार ऐकू जात नाही अशी खात्री असलेला.

गुरुवारी संध्याकाळी मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये होतो. फोन माझ्या मेहुण्याचा, शिरीषचा.

"दाजी, अण्णांना आयसीयूत घेतलंय. किडन्या काम करंनात. डॉक्टर म्हणतात लेकीला बोलवायचं तर बोलवा."

"मागच्या वेळीही असंच म्हणाले होते रे."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी नंदा अशीच धावत गेली होती, तर अण्णा पलंगावर बसून बशीतून चहा पीत होते.

"व्हय, पण ह्या खेपेला मला वेगळं दिसतंय. ताईला सांगा तुम्ही."

मी म्हणालो, "सोमवारपर्यंत थांबू. सगळे रिपोर्ट येऊ देत. तूही तिला काही बोलू नकोस. मी बघतो."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, दाजी."

जावई बोलला की माझ्या सासरी त्यावर कोणी दुसरं बोलत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी मी गेलो की अण्णा खुर्चीतून उठायचे. त्या मानाचा मी त्या संध्याकाळी उपयोग करून घेतला.

लांब असलेल्या माणसाला वाईट बातमी लगेच द्यायची नाही, ही आपल्याकडची रीत. परीक्षा होऊ दे, प्रवास होऊ दे, दोन घास खाऊ देत, मग सांगू. माझ्या वडिलांचं ऑपरेशन मला आठ दिवसांनी कळलं होतं आणि तेव्हा मी घरच्यांवर किती चिडलो होतो! तरी गुरुवारी तीच रीत मला फार शहाणपणाची वाटली. ती नंदासाठी आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला सहल हवी होती.

रात्री जेवण झाल्यावर नंदा सामान भरत होती आणि मी यादी वाचत होतो. एकोणचाळिसाव्या ओळीवर पासपोर्ट होते. परदेशात लांब जाताना ओळखीसाठी बरोबर ठेवायची माझी सवय. ते वाचून दाखवायचं मी टाळलं. तिच्या हातात पासपोर्ट आला तर तिला घरची आठवण येईल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. पेन घेतलं आणि ओळ खोडली.

टिपरेरी

शनिवारी सकाळी निघालो. आमची मुलगी रेवा तेव्हा चौदा वर्षांची. ती मागच्या सीटवर कानात वायर घालून बसली होती. आपण तिच्याशी मराठीत बोलायचं आणि तिने आयरिश हेलात इंग्रजी बोलायचं, असा घरचा अलिखित करार.

"रेवा, धपाटं हवं का गं?"

"आय'म ग्रँड, बाबा."

"ग्रँड म्हणजे हवं की नको?" नंदाने विचारलं.

"ग्रँड म्हणजे ग्रँड, आई."

पहिला कोर्स एका जुन्या इस्टेटीच्या रानात होता. घर केव्हाच पडलेलं, राहिली होती ती माणसाच्या पंधरापट उंचीची बीच जातीची झाडं आणि त्यांच्याखालचा हिरवट काळोख. आयर्लंडचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. तो हवेतच असतो, आणि दहा मिनिटांनी कळतं की बाह्या ओल्या झाल्यात. सगळीकडे शेवाळ. डिस्क हातातून निसटायची. मी एक डिस्क ओढ्यात घालवली आणि ती काढताना गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. रेवा इतकी हसली की कानातली वायर गळून पडली.

अकराव्या बास्केटला नंदाने जी फेक केली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. दोन खोडांमधली हातभर फट. ती पाय रोवून उभी राहिली, कमरेतून वळली, डिस्क त्या फटीतून गेली, पुढे डावीकडे कलली आणि साखळ्या खळ्ळकन वाजल्या. एका फेकीत! आमच्या पुढे खेळणारे दोन आयरिश गृहस्थ टोप्या काढून टाळ्या वाजवायला लागले. त्यांतला एक म्हणाला, "जीझस, मॅडम, हे कुठे शिकलात?"

"माझे वडील," नंदा इंग्रजीत म्हणाली. मग माझ्याकडे वळली, चेहरा अगदी शाळकरी मुलीसारखा. "अहो, अण्णांना सांगायला हवं. आत्ताच लावू का फोन? तिकडे संध्याकाळचे साडेसहाच वाजले असतील."

त्या वेळी अण्णा शुद्धीवर होते. बोलत होते. शिरीषने सकाळीच मला मेसेज केला होता.

मी म्हणालो, "उद्या रविवार आहेच. नेहमीसारखा लाव. इथे रेंज कुठे आहे?"

रेंज होती. तिने माझा शब्द खरा धरला आणि डिस्क पुसायला लागली.

स्लायगो

रात्री स्लायगोच्या पलीकडे ब्रीडी नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. रविवारी सकाळी उठून पाहिलं, तर खिडकीसमोर सपाट माथ्याचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी राखाडी समुद्र. डोंगरावर ढग असे बसलेले, जणू कोणी ओलं कांबळं वाळत घातलंय. दुसरा कोर्स तिथेच, वाळूच्या टेकड्यांवर. न्याहारीआधी नऊ बास्केट खेळायच्या, असं माझ्या कागदावर होतं. वारा एवढा की फेकलेली डिस्क परत पायाशी यायची. सहाव्या बास्केटला सोडून दिलं.

न्याहारीला ब्रीडीबाईंनी सोडा ब्रेड, अंडी आणि टोमॅटो दिले. आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर दोन वेळा माफी मागून तीन टोमॅटो जास्त दिले. ओट्यावर स्थानिक रेडिओ चालू होता. गाणं संपलं आणि एक बाई सावकाश, एकसुरी आवाजात नावं वाचायला लागली. अमुक गावचे अमुक, शुक्रवारी, घरच्या माणसांत. अंत्यदर्शन आज चार ते आठ, दफन उद्या अकराला. मग दुसरं नाव. मग तिसरं.

नंदाने घास हातातच ठेवला. "हे काय वाचतात?"

"गेलेल्यांची नावं, रोज सकाळी," ब्रीडीबाई म्हणाल्या. ब्रेडला लोणी लावून त्या सँडविचचा ढीग रचत होत्या. "हा पहिला आपल्याच रस्त्यावरचा. तुम्ही निवांत खा, मी हे पोचवून येते."

"जवळचे होते?"

"छे हो. दोनदा भांडलो होतो आम्ही कुंपणावरून. पण जायचंच असतं. न कळवलं तर माणसं जन्मभर बोलणार नाहीत."

त्या गेल्यावर नंदा मला म्हणाली, "बघा, किती बरं आहे. एकदाच सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं. आपल्याकडे नुसतं कुजबुज कुजबुज."

मी चहात साखर घातली. मी चहात साखर घेत नाही.

मग ती म्हणाली, "अण्णांना लावते आता."

परदेशी फोन कार्डाने करायचे ते दिवस. कार्ड माझ्या पाकिटात होतं, त्यात पैसेही होते. "कार्ड संपलंय गं," मी म्हणालो. "लेटरकेनीला नवीन घेऊ." तोंडातून हे इतकं सहज निघालं की माझी मलाच भीती वाटली.

लेटरकेनी

लेटरकेनीला अविनाशचं घर. माझा साताऱ्याचा शाळेतला मित्र, तिथल्या इस्पितळात डॉक्टर. बायको सुट्टीला भारतात गेलेली, तेव्हा घरात एकटाच होता. शहराबाहेर टेकडीवर घर, खाली मेंढ्या, रस्त्यावर मोटार नसेल तर माणूस तिथे अडकूनच पडायचा. त्याने वरणभाताचा कुकर लावला होता आणि दुपारी तिसऱ्या कोर्सवर आमच्याबरोबर यायला बूट काढून ठेवले होते.

नंदा आणि रेवा सिंकपाशी डिस्कवरचा चिखल धूत होत्या. मी अविनाशला मागच्या शेडमध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. मला वाटत होतं तो म्हणेल, काही नाही रे, होतील बरे.

"क्रिएटिनिन किती?"

"सात म्हणाला शिरीष. आज सकाळपासून लघवी बंद आहे."

"शुद्ध?"

"काल संध्याकाळपर्यंत बोलत होते. आता नाही."

"म्हणजे काल तिला त्यांच्याशी बोलता आलं असतं," अविनाश म्हणाला. टोमणा नव्हता तो. डॉक्टर केसपेपरवर लिहितात तसं म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुझं डोकं फिरलंय का रे? आत जा आणि सांग. नाहीतर मी सांगतो."

मी आत गेलो. नळ चालूच होता. मी सांगितलं. नंदाने नळ बंद केला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गुरुवारी."

"गुरुवारी?"

तिचा चेहरा पाहून मी घाबरलो आणि म्हणालो, "शिरीषच म्हणाला, ताईला इतक्यात सांगू नका."

हे वाक्य मी आखलेलं नव्हतं. एवढं सगळं आखणारा मी, आणि सगळ्यात मोठं पाप असं न आखता, एका श्वासात केलं.

तिने हात पुसले. "पासपोर्ट?"

"घरी आहेत."

"घरी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमच्या यादीत मीठसुद्धा होतं."

परतीचा रस्ता

लेटरकेनी आयर्लंडच्या वरच्या टोकाला आणि आमचं घर खालच्या टोकाला. कॉर्कहून सोमवारी सकाळचं विमान अविनाशने फोनवरच पक्कं करून दिलं, पण पासपोर्ट कॅरिगलाइनच्या कपाटात. जेवण न करता निघालो. ज्या रस्त्याने दोन दिवस रमतगमत वर गेलो होतो तो रस्ता पुष्कळसा तसाच उलटा पार करायचा होता. तिसरा कोर्स डावीकडे एका पाटीपुरता दिसला. स्लायगोच्या अलीकडे, एका घराबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पन्नासेक गाड्या लागल्या होत्या आणि लोक भर पावसात दारापर्यंत रांग करून उभे होते. हेच ते शेजारी असावेत. आम्हाला त्या गर्दीतून गाडी हळू काढावी लागली. एकजण टोपीला हात लावून आम्हाला वाट देत होता.

तिथेच शिरीषचा फोन लागला. मला फक्त नंदाची बाजू ऐकू येत होती.

"शिरीष, तू दाजींना म्हणालास, मला सांगू नका?"

आता तो सांगेल. सांगावं, असंही कुठेतरी वाटत होतं.

"का रे?" नंदा म्हणाली. "मी काय लहान होते का? चुकलं म्हणून काय होतं आता?"

म्हणजे त्याने ते स्वतःवर घेतलं होतं. बहिणीच्या नवऱ्याला त्याने उघडं पाडलं नाही. मी समोर बघून गाडी चालवत राहिलो.

मग त्याने फोन अण्णांच्या कानाशी नेला असावा. नंदा बोलत होती. टिपरेरीची अकरावी बास्केट, दोन झाडं, एका फेकीत. "पाय वळला होता अण्णा, बरोबर वळला होता." मागच्या सीटवरून रेवाने पुढे होऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि कित्येक महिन्यांनी मराठीत बोलली, "आई, रडू नको ना."

गॉल्वेच्या पुढे दुसरा फोन आला. नंदाने तो ऐकला, "बरं" म्हणाली आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. बाहेर दगडी कुंपणांची शेतं, ओली गुरं, पुन्हा शेतं.

सोमवारी सकाळच्या विमानाने ती निघाली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुन्हा कॅरिगलाइन

चौदावा करून ती परत आली. शिरीषशी बोलणं तुटलं म्हणता येणार नाही. घराच्या कागदपत्रांचं, आईच्या औषधांचं ती विचारायची, पण तेवढंच. दिवाळीला त्याचा फोन आला की मला द्यायची. तो मला विचारायचा, "दाजी, बरं हाय ना सगळं?" आणि मी म्हणायचो, "हो, बरं आहे." दोघांनाही माहीत होतं मी काय दडवून ठेवलंय. एकदाही त्याने आठवण करून दिली नाही. डिस्कची पिशवी जिन्याखाली होती, तिला कोणी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी जुलै संपत आला तरी टेबलावर राखीचं पाकीट दिसलं नाही. दरवर्षी ती पंधरा दिवस आधी टाकायची, वेळेवर पोचावं म्हणून. मी विचारलं, "शिरीषची राखी पाठवलीस?"

ती पोळ्या लाटत होती. "नाही. अण्णांचं शेवटचं बोलणं ज्याने मला ऐकू दिलं नाही, त्याला कसली राखी?"

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. उभं राहून सांगता आलं नसतं. पार्किंगमधला फोन सांगितला. शिरीष 'ताईला सांगा' म्हणाला होता ते सांगितलं. टिपरेरीतली रेंज, स्लायगोतलं कार्ड, यादीतली खोडलेली ओळ. अविनाशच्या घरी जे खोटं बोललो ते शेवटी सांगितलं.

तव्यावरची पोळी जळाली. तिने गॅस बंद केला.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी माझ्या भावाला काय काय बोलले. आणि तुम्ही तिथेच बसून ऐकत होतात."

"हो."

"आणि त्याला माहीत होतं?"

"त्यानेच माझं झाकलं."

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. पिठाचे हात तसेच, तिने फोन उचलला, नंबर लावला आणि पलीकडून "ताई?" असा आवाज आल्यावर तो माझ्यापुढे धरला. "आधी त्याची मागा," ती म्हणाली. "माझी नंतर."

मी शिरीषची माफी मागितली. तो "अहो दाजी, असू द्या, असू द्या" म्हणत राहिला. मी त्याला म्हणालो, असू द्यायचं नाही, आणि पुन्हा मागितली. मग फोन ओट्यावर ठेवला, तो तसाच चालू होता, आणि नंदासमोर उभा राहिलो.

"नंदा, वडील तुझे होते. तुला कळवायचं की नाही हे ठरवणारा मी कोणी नव्हतो. तुझ्या भल्यासाठी नाही, माझी सहल मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो, आणि मग घाबरून शिरीषचं नाव घेतलं. ते बोलत होते तेव्हा मी तुला त्यांच्याशी बोलू दिलं नाही. ते मला परत देता येणार नाही. मला माफ कर."